बंद केलेली दारं

"सांधा दिसता कामा नये." पडद्यांच्या कारखान्यात नक्षी काढायची ती नक्षीबाई; हे तिचं ठरलेलं वाक्य, चहा गाळतानाही म्हणायची. पडद्याच्या कापडावर एकच चौकट पुन्हा पुन्हा छापली जाते. एक कुठे संपली आणि दुसरी कुठे लागली हे कुणाला कळू नये, यातच तिची सारी करामत. मी त्याच कारखान्यात छपाईच्या जाळ्या धुवायचो. तीस वर्षांत तिच्या कापडात मला सांधा सापडला नाही, आणि माझी नजर काही अधू नव्हती.

कारखान्याच्या वाटेवर एक लांब भिंत होती. तिच्यामागची वस्ती रस्त्यासाठी पाडलेली. तिथे एक शिडशिडा माणूस भर दुपारी पाडलेल्या घरांची दारं रंगवायचा. लोक त्याला भिंतवाला म्हणत. ज्याचं दार जसं होतं तसं तो काढी: कुणाची निळी फळी, कुणाची वाकडी कडी, कुणाच्या चौकटीवर लेकरांच्या उंचीच्या रेघा. खाली लिही, "आम्ही इथेच राहतो." आणि प्रत्येक दार किलकिलं.

नक्षीबाई रोज तिथे रेंगाळायची. एकदा म्हणाली, "तुझी दारं पडद्यावर घेऊ का रे?"

"घे की मावशी. माझी कुठे आहेत ती?"

तिने पाच दारं घेतली. पण उघडी फळी छापाच्या चौकटीबाहेर यायची आणि सांधा उघडा पडायचा. तिने फळ्या मिटून टाकल्या. फार विचारही केला नाही. हाताला सवयच तशी होती.

कापड हातोहात खपलं. त्याच महिन्यात एक गाडी आली आणि भिंतवाल्याला घेऊन गेली. कुठे, ते कुठल्याच कचेरीत कुणी सांगेना. भिंतीवर चुना फिरला.

मग एके दिवशी त्याची बहीण पडद्याचा तुकडा घेऊन कारखान्यात आली.

"ही दारं तुम्ही काढलीत?"

"हो. का गं?"

"माझ्या भावाने एकही दार बंद काढलं नव्हतं, बाई. माणसं परत येतील म्हणायचा. तुम्ही का लावून घेतलीत?"

नक्षीबाईने तोंड उघडलं. सांधा, एवढंच म्हणाली.

"भिंत पुसली त्यांनी. आता त्याचं एवढंच उरलंय."

त्या दिवसापासून बाईला काहीतरी लागलं. वाळत घातलेल्या कापडांच्या रांगांतून जाताना ती थबकायची, ओल्या पडद्याला कान लावायची. "कुणीतरी कडी वाजवतंय," म्हणायची. मी हसलो नाही. त्या रांगांतून जाताना मीही पाय उचलूनच चालायचो.

ती मालकांकडे गेली. म्हणाली, दारं उघडून देते.

मालक हसले. "अहो बाई, कुणी आत डोकावू नये म्हणून लोक पडदा लावतात. शिवाय सांधा दिसेल. तुम्हीच म्हणता ना?"

"दिसू दे."

"डोकं ठिकाणावर आहे ना?"

"तीस वर्षं होतं," ती म्हणाली.

कागद घेऊन बसली, पण पेन्सिल चालेना. मला हाक मारली. "निळं दार किती उघडं होतं रे? चार बोटं की वीतभर?" मी रोज त्या भिंतीवरून जायचो. मला सांगता आलं नाही. मान खाली घालून जाळी घासत राहिलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने कागदांची गुंडाळी काखेत मारली आणि फाटकाशी आली.

"भोंगा व्हायचाय अजून," दरवान म्हणाला. "निघालीस कुठे?"

"त्या वस्तीतून उठवलेली माणसं शहराबाहेर पत्र्याच्या खोल्यांत आहेत म्हणतात. ज्याचं त्याला विचारते, दार किती उघडं असायचं. विसरायच्या आत."

"आणि नोकरी?"

"ती तू सांभाळ," म्हणाली आणि निघाली.

मालक वरच्या खिडकीत आले आणि बघत राहिले. चुन्याच्या भिंतीपाशी ती जरा थांबली, गुंडाळी दुसऱ्या काखेत घेतली, आणि चालू लागली. ती दिसेनाशी होईपर्यंत दरवान आणि मी फाटकात उभे होतो.