टेस्टरमधला लाल दिवा

मालाडहून आणलेला सेकंडहँड कॉम्प्युटर मी रविवारी सकाळी आमच्या मुलुंडच्या घरात जोडला. स्क्रीन काळीच राहिली म्हणून त्याच्या पत्र्याच्या डब्यावर हात ठेवला, तर कोपरापर्यंत झिणझिण्या गेल्या. मला विजेची पहिल्यापासून दहशत आहे. तरी टेस्टर आणून डब्याला टेकवला. आतला दिवा लाल पेटला, म्हणजे डब्यात करंट होता.

दुकानदाराला फोन लावून मी झाप झाप झापलं.

"मॅडम, आधी घरचं अर्थिंग बघा," तो म्हणाला.

मी फोन कट केला. भंगार गळ्यात मारतात आणि वर आमच्या घराला नावं ठेवतात!

वळून बघते तर आई. नवीन वस्तू आली म्हणून हळद-कुंकू लावायला आलेली. पाय अनवाणी, बोट ओलं, आणि ते बोट डब्यापासून जेमतेम वीतभर लांब. मी अशी किंचाळले की तिच्या हातातला करंडा फरशीवर पडला.

आधी प्लग उपटला. पण दुकानदाराचं बोलणं डोक्यातून जाईना, म्हणून टेस्टर फ्रिजच्या दाराला लावून बघितला. दिवा तसाच लाल पेटला.

"आई, हा फ्रिज शॉक देतो?"

"देतो ना, किती वर्षं झाली," कुंकू गोळा करत ती म्हणाली. "म्हणून तर तिथे चपला ठेवल्यात."

स्वयंपाकघरात चपला कशाला, म्हणून त्या झिजलेल्या रबरी चपला मी गेल्याच आठवड्यात कचऱ्यात टाकल्या होत्या. आईने त्या परत आणून ठेवल्या होत्या.