उजव्या कानात जीव येईपर्यंत

जन्मापासून मला उजवा कान नव्हता. त्या जागी शेंगदाण्याएवढी कातडीची गाठ होती आणि खाली जराशी पाळी. आत भोक नव्हतं, त्यामुळे त्या बाजूनं जवळपास काहीच ऐकू यायचं नाही. माय माझ्या वेण्या अशा घालायची की रिबिनीचं फूल बरोबर त्या गाठीवर बसावं.

माझी मोठी बहीण, ताई, कायम माझ्या डाव्या बाजूला असायची. मेडशीजवळच्या आमच्या गावातून शाळेला जाताना, पंगतीत जेवताना, एसटीत बसताना. कोणी तिला तसं सांगितलं नव्हतं. एखादीनं मधे घुसून डावी जागा घेतली तर ताई तिला सरळ म्हणायची, "तिकडं सरक. तिले इकडूनच आयकू येते." मी तिच्याशी बोलताना कधी "काय?" असं परत विचारल्याचं मला आठवत नाही. बाकी सगळ्या जगाला मी तेच विचारत असायची.

शाळेत तपासणीला आलेल्या डॉक्टरांनी बाबांना सांगितलं की असा कान बनवता येतो, पण पोरीच्या छातीचा पिंजरा वाढू द्या, बरगडीतूनच त्याचं सामान घ्यावं लागतं. ते ऐकून माय घाबरली. मी मात्र त्या दिवसापासून दिवस मोजायला लागली. मला ताईच्या लग्नात दोन्ही कानांत झुमके घालायचे होते.

तसं झालं नाही. ताईचं लग्न आधी ठरलं, ती मानोऱ्याकडे नांदायला गेली, आणि नंतर मला नागपूरच्या मोठ्या दवाखान्यातून तारीख मिळाली. लग्नाच्या फोटोंत मी सगळीकडे मान उजवीकडे वळवून उभी आहे.

नागपूरच्या डॉक्टर बाईंनी काही लपवलं नाही. त्या म्हणाल्या, "बरगडीजवळचं मऊ हाड काढून त्याला कानाचा आकार देईन आणि इथल्या कातडीखाली बसवीन. काही महिन्यांनी दुसरं ऑपरेशन, तेव्हा कान डोक्यापासून उचलायचा. डाव्याशी हुबेहूब जुळेल असं वचन देत नाही."

"आयकू येईन का मंग?" बाबांनी विचारलं.

"नाही. हा दिसण्यापुरता कान. ऐकण्याच्या मशीनचं वेगळं पाहू." मग त्या माझ्याकडे वळल्या. "तुला हवाय का?"

मी होकारार्थी मान हलवली.

पहिल्या ऑपरेशनला ताई सासरहून आली. डॉक्टर बाईंनी एक्स-रेची रिकामी फिल्म माझ्या डाव्या कानावर धरून पेनानं त्याची रेघ काढली आणि फिल्म उलटी केली. उजवा कान तयार. ताई ती फिल्म उजेडाकडे धरून बराच वेळ बघत राहिली. "पाह्य, तुह्या कानाचं वळन मायसारखं हाये," ती म्हणाली. "मले आजच समजलं."

शुद्धीवर आल्यावर कान दुखेल असं मला वाटलं होतं. दुखत होती ती छाती. श्वास घेतला की कोणीतरी आतून टाके ओढल्यासारखं व्हायचं. खोकायची भीती, शिंकायची भीती. डोक्याला जाड पट्टी, कानापासून निघालेली बारीक नळी, आणि तिच्या टोकाला लाल पाणी ओढून घेणारी छोटी बाटली. ती नळी ओढली जाऊ नये म्हणून कुशीवर वळायची बंदी होती. माझी खाट डाव्या अंगानं भिंतीला लागलेली होती. ताईनं आयाबाईला सांगून खाट जरा सरकवून घेतली आणि भिंत अन् खाट यांच्या फटीत उशी टाकून बसली. जेवायलाही तिथंच. तिथून ती सासरच्या गमती सांगायची आणि मला हसू येऊन छाती दुखली की आपलंच तोंड पदरानं दाबायची.

"नको ना सांगू," मी म्हणायची.

"बरं, नाई सांगत." आणि परत सुरू.

पट्टी उघडली तेव्हा मी आरसा मागितला. डोक्याला चिकटलेला एक सुजलेला, जांभळट गोळा. मला रडू आलं. डॉक्टर बाई म्हणाल्या, "सूज उतरू दे. वळ्या हळूहळू दिसतील." घरी आल्यावर मायनं जुन्या लुगड्याची गोल चुंबळ शिवली, मधे पोकळ, म्हणजे झोपेत मान वळली तरी कान दबू नये. हंडा उचलायचा नाही, धावायचं नाही. सूज खरंच उतरत गेली आणि कानाची कडा वर येताना दिसू लागली. ते सगळं ताईला दाखवावं असं रोज वाटायचं. पण ती परत गेली होती, आणि दसऱ्यानंतर नवऱ्यासोबत कामाला पुण्याकडे.

दुसऱ्या ऑपरेशनला ती येऊ शकली नाही. मांडीची कातडी काढून कानामागे लावली. कानापेक्षा मांडीच जास्त जळत होती. माय सोबत होती. खाट या वेळीही भिंतीशीच होती. माय उजवीकडे स्टुलावर बसून काही बोलायची, मला मान वळवता यायची नाही, मग ती उठून, वाकून, माझ्या तोंडावर तोंड आणून तेच परत सांगायची. बिचारी दमून जायची. मी डोळे मिटून भिंतीकडच्या फटीत हात टाकून पडून राहायची.

ताई आली ती पोहरादेवीच्या यात्रेला. आम्ही तिथंच भेटलो, गर्दीत, नारळाच्या दुकानाजवळ. तिनं आधी माझी वेणी बाजूला केली. कान तोवर खरा कान दिसायला लागला होता, रंगानं थोडा फिका, इतकंच. तिनं त्यावर बोट ठेवलं.

"समजते का?"

"नाई."

कान बधिर असेल, जाणीव यायला वेळ लागेल, हे मला सांगितलेलं होतं. तिनं हलकेच चिमटा घेतला. "आता?"

"नाई, ताई."

ती हसली, पण हात काढला नाही. दर्शनाची रांग पुढं सरकत होती, लोक धक्के देत होते, आणि ती माझ्या कानाच्या वळ्यांवरून बोट फिरवत उभी होती. तिचा दंड हलताना मला दिसत होता. बाकी काहीच कळत नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती गाडीनं गेली.

जाणीव आली ती हिवाळ्यात. माय डोक्यावरून पाणी घालत होती आणि कानामागून गरम धार उतरलेली मला अचानक कळली. मी मायला तिथंच पुन्हा पाणी ओतायला लावलं. मग ओल्या केसांनीच ताईला फोन केला.

"खरंच?" ती म्हणाली. मागे यंत्रांचा मोठा आवाज होता. "मी तिथं पाह्यजे होती." आणि तिला कोणीतरी हाक मारली.

आता मी वाशिमला औषधाच्या दुकानात काम करते. पाळीला भोक पाडायची परवानगी डॉक्टर बाईंनी दिली, वरच्या भागाला नाही. झुमके घालते. नवीन माणसाच्या लक्षात येत नाही. ऐकायला मात्र तो एकच डावा कान. मशीन लावून पाहिलं, त्यातून आवाज येतो, पण तो कुठून येतो ते कळत नाही.

ताईनं पुण्याकडे खोली पक्की केली, मुलाला तिकडच्याच शाळेत घातलं. परवा दिवाळीचं विचारायला फोन केला तर म्हणाली, सुट्टी भेटत नाही, पुढचं काही सांगता येत नाही. मी बरं म्हटलं. माय शेजारी बसून मेथी निवडत होती.

"काय म्हनते?" तिनं विचारलं.

"उन्हाळ्यात येते म्हनते," मी सांगितलं. ताई तसं काही म्हणाली नव्हती.