कांबीला लावलेला कान

कोलकात्यातल्या बेहालाच्या गल्ल्यांतून तासभर चालूनही निमाईदांना फुटका नळ सापडेना. पाणीखात्यातली तीस वर्षं त्यांची याच कामात गेली होती. लोखंडी कांब रस्त्यावर टेकवायची, वरचं टोक कानाला लावायचं, की जमिनीखालची गळती ऐकू यायची. चारला पाणी बंद झालं की तो आवाजही थांबणार, आणि फुटक्या जागेतून आत शिरलेलं गटाराचं पाणी उद्या पुन्हा मंगलाच्या इमारतीच्या नळांना येणार. तिथली दोन मुलं आधीच आजारी होती. मंगला मनात रामरक्षा म्हणत सोबत चालत होती. निमाईदा तिला बौदी, म्हणजे वहिनी, म्हणत.

“निमाईदा, दहाच मिनिटं उरलीत! काही ऐकू येतंय का?”

त्यांनी ओठांकडे बघून प्रश्न ओळखला.

“बौदी, दोन्ही कान गेलेत माझे. साहेबांना सांगू नका. आणि ही कांब जरा तुमच्या कानाला लावता?”