अर्ध्या शब्दाला अर्धा पेला

फळबाजारात त्याला सगळे भोंगा म्हणायचे. उलट्या खोक्यावर उभा राहून तो लिलाव पुकारायला लागला की फाटकाबाहेरच्या गाडीवाल्यांनाही संत्र्यांचा भाव कळायचा. जिभेला हाड म्हणून नव्हतं. कुणाच्या टकलावरून, कुणाच्या तोतरेपणावरून तो हशा पिकवायचा आणि त्या हशातच बोली चढवायचा. घरी आला तरी भोंगा चालूच. बायकोने तोंड उघडायचा अवकाश, "तू गप गं, तुला काय कळतंय!" एकतीस वर्षं ती गप राहिली.

एका सकाळी हात वर करून तो "एकवार, दोनवार, तीनवार!" ओरडला आणि खोक्यावरून खाली आला तो आडवाच. मेंदूत रक्त साकळलं होतं. उजवं अंग लुळं पडलं, आणि वाचा गेली. डोक्यात शब्द रांग लावून उभे असायचे, पण तोंडातून बाहेर पडायचा तो एकच. भूक लागली, तीनवार. पाठ खाजतेय, तीनवार. घरात सगळ्यांना हसू यायचं, आणि आपण हसलो म्हणून मग रडू यायचं. बायको सोडून.

दवाखान्यात बोलायला शिकवणारी मुलगी तिला म्हणाली होती, "काकू, नुसत्या इशाऱ्यावर सगळं हातात देऊ नका. बोलू द्या त्यांना." पोरगी सहज बोलून गेली. बायकोने ते गाठीला बांधलं.

घरी आणल्याच्या दुसऱ्याच दिवशी अंथरुणातून त्याने माठाकडे बोट केलं.

"ऐकू नाही आलं," ती म्हणाली आणि भाजी निवडत राहिली.

त्याने डाव्या हाताने पेला भिंतीवर फेकला.

"हा पेला बोलला. तुम्ही बोला."

दुपार गेली. जीभ टाळूला चिकटली. मनातल्या मनात त्याने तिच्या सात पिढ्या उद्धरल्या. ऊन उतरलं तेव्हा कुठे तोंडातून "पा" निघाला. ती उठली, पेला अर्धा भरला आणि त्याच्या ओठांना लावला.

"अर्ध्या शब्दाला अर्धा."

त्याची थोरली बहीण भेटायला आली, तिने हे बघितलं आणि भरलेला तांब्याच भावाच्या तोंडाला लावला. "राक्षसीण आहेस तू! आजारी माणसाला तहानेने मारतेस?"

"ताई, तुम्ही रोज येणार का पाजायला? ते मरेपर्यंत? मग आत्ताच घेऊन जा. गाडी बोलावते."

ताई पदराने डोळे पुसून गेली. पुन्हा फिरकली नाही. जाणाऱ्या ताईच्या पाठीला त्याने दहा वेळा तीनवार म्हटलं.

"पाणी" पुरतं यायला सात आठवडे लागले. "सदरा" येईना, म्हणून थंडीत उघडा बसला. "खिडकी"पाशी तर तीन महिने गेले. आलेला शब्दही कधीकधी परत जायचा, की पुन्हा पहिल्यापासून. आपल्याला खोक्यावर परत उभं राहायचंय, या एका आशेवर तो रोज सकाळी तोंड वेंगाडत बसायचा.

दहाव्या महिन्यात बाजाराचा सेक्रेटरी आला. खोका आता दुसऱ्याला दिलाय, म्हणाला. "वाईट वाटून घेऊ नका. तुमच्याएवढा आवाज नाही त्याचा, पण काय करणार?" भोंग्याने जीव एकवटून "थांब" म्हणायला तोंड उघडलं.

"तीनवार!"

सेक्रेटरीला हसू आवरेना. खोकल्याचं निमित्त करून तो जिना उतरला. भोंगा भिंतीकडे तोंड करून हुंदके देऊ लागला. बायकोने चहाची कपबशी उचलली.

"रडून झालं की 'जिना' म्हणा. कालपासून अडलाय."

त्या दिवसापासून खोक्याची आशा संपली आणि त्या जागी बायको येऊन बसली. आता बोलायचं ते हिलाच ऐकवायला. या एका रागावर त्याने दोन वर्षं काढली. काठी टेकत गच्चीवर जायचा आणि पाण्याच्या टाकीला तोंड लावून एकेक शब्द घोटायचा.

तिसऱ्या वर्षी एका दुपारी ती चादरींच्या घड्या घालत होती. तो समोर येऊन उभा राहिला. घाम फुटला होता.

"तू... माझ्यावर... सूड उगवलास?"

तिचे हात थांबले नाहीत.

"उगवला की. शिकवायला आणि सूड उगवायला मेहनत सारखीच लागते, म्हणून दोन्ही एकदमच उरकलं."

त्याने भांडण जुंपेल असं धरलं होतं. या उत्तराची तयारी त्याने केलीच नव्हती. तीन वर्षं तुंबलेलं सगळं बाहेर आलं. तिला, तिच्या बापाला, तिच्या काळजाला, तिच्या त्या घड्यांना. अडखळत, पण शब्दाला शब्द जोडून. आवाज जुन्यासारखा चढला. समोरच्या घरातली माणसं दारात आली.

ती उठली. ओरडणाऱ्या नवऱ्याच्या बाजूने गेली आणि रस्त्याकडची खिडकी सताड उघडली.

"मोठ्याने," ती म्हणाली. "बाजारापर्यंत जायला हवं."