आप्पांची तिसरी ओंजळ

अ‍ॅमस्टेलव्हीन या डच शहरातल्या एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर, गॅलरीत दक्षिणेकडे तोंड करून, एक म्हातारा मराठी माणूस पितृपक्षात ‘अस्मत्पितामहं जेम्सशर्माणं’ असं खणखणीत आवाजात म्हणायचा. मी त्याच्या खालच्याच मजल्यावर राहायचे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला फिस्सकन हसू आलं. संध्याकाळी वर चहाला गेले तर आप्पांनीच विषय काढला. “हसलीस ना? हस खुशाल. माझे आजोबा स्कॉटिश होते. रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर म्हणून आले, आजीशी लग्न केलं आणि जन्मभर पिठलं-भात ओरपला. आडनावसुद्धा आजीचंच लावलं.”

आप्पा पुण्यातले निवृत्त ड्राफ्ट्समन. बायको गेल्यावर मुलाकडे, नितीनकडे, कायमचे आले. आल्याआल्या त्यांनी नितीनच्या घरातली सगळी चित्रं काढून, पट्टीनं माप घेऊन पुन्हा लावली. अंदाजपंचे काही बोललं की त्यांच्या कपाळाला आठ्या पडत. “आधी माप घे, मग बोल,” हे मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं, की ऑफिसच्या मीटिंगमध्येही तेच माझ्या तोंडी यायला लागलं.

अशा माणसाच्या तर्पणात एक जागा रिकामी होती. वडील, आजोबा, पणजोबा अशा तिघांची नावं घेऊन तीळ-पाणी सोडायचं. आप्पांकडे नावं दोनच. स्कॉटलंडच्या नोंदवहीत जेम्सच्या आईचं नाव होतं, मार्गारेट. वडिलांचा रकाना कोरा. पुण्याहून व्हिडिओवर विधी सांगणारे गुरुजी म्हणायचे, “नाव ठाऊक नसलं तर नुसतं पणजोबा म्हणा, चालतं.” आप्पा उखडायचे. “चालतं काय? उद्या मी गेलो की नितीन तीन नावं घेणार. माझं, बाबांचं, जेम्सचं. संपली यादी! या माणसाला हाक मारणारा जगात मी शेवटचा आहे, गुरुजी.”

जेम्सचं पूर्ण नाव जेम्स डंकन आणि पुढे आईचं आडनाव. आप्पांनी टिचकी वाजवली. “मधलं नाव! बापाचंच असणार. दुसऱ्या कोणाचं असतं का कधी?” मलाही ते बिनतोड वाटलं. मधलं नाव वडिलांचं, यात शंका घ्यायला आम्हाला कोणी शिकवलंच नव्हतं. त्या वर्षीपासून आप्पा तिसऱ्या ओंजळीला ‘डंकनशर्माणं’ म्हणू लागले. पण पुरावा नव्हता, आणि पुराव्याशिवाय त्यांना चैन नव्हतं. जेम्सच्या गावातले सगळे डंकन त्यांनी कागदावर मांडले. डीएनए तपासणीत निघालेल्या दूरच्या भाऊबंदांना पत्रं लिहिली. एकाचंच उत्तर आलं: कृपया पुन्हा लिहू नका.

तेवढ्यात आप्पांचे डोळे गेले. एकदम नव्हे, आधी मधला भाग धूसर झाला, मग अक्षरं पुसली गेली. तेव्हापासून जेम्सच्या गावच्या जुन्या वह्या संगणकावर वाचायचं काम माझ्याकडे आलं. हाउसआर्ट्सनं, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरनं, मोठ्या इस्पितळात पाठवलं. तिथे कळलं की डोळेच नव्हे, हृदयही थकलंय. नितीन काकुळतीला येऊन म्हणायचा, “आप्पा, डेटाच नाहीये तर काय करणार? जाऊ दे ना आता.” आप्पा ऐकत नसत. रोज संध्याकाळी माझी बेल वाजायची. भिंतीला धरून, एक मजला उतरून ते यायचे. “आज काही वाचलंस? एखादं पान तरी? पोरी, मला वेळ नाही गं.” त्या माणसाला मी कधी कुणापुढे हात पसरताना पाहिलं नव्हतं. मला ते बघवत नसे.

मग मला ते पान सापडलं. चर्चच्या पंचांच्या बैठकीची जुनी वही, किरटं अक्षर. मार्गारेटला तीनदा बोलावलं होतं. मुलाचा बाप कोण, असं तीनदा विचारलं होतं. तीनही वेळा एकच नोंद: ती काही बोलली नाही. आणि पहिल्याच ओळीत, मार्गारेट, डंकनची मुलगी. डंकन तिचा बाप होता. त्यानं पंचांपुढे सांगितलं होतं की हिला आता माझ्या घरात जागा नाही.

मी पळत वर गेले. शोध लागल्याचा आनंद माझ्या अंगात मावत नव्हता, हे लिहायला आज लाज वाटते. आप्पांनी विचारलं, “डंकनच ना?” एक ‘हो’ पुरला असता. मी पान वाचून दाखवलं.

ते म्हणाले, “म्हणजे दोन वर्षं मी तिला हाकलणाऱ्याला पाणी दिलं. माप न घेता.” आणि लहान मुलासारखे रडले. मी सुचवलं, “आप्पा, मार्गारेटचं नाव घ्या ना.” ते म्हणाले, “तिला तर देतोच गं. पण जेम्सच्या बापाचं काय?”

त्या सर्वपित्री अमावास्येला त्यांनी हट्टानं उभं राहून तर्पण केलं. दोन ओंजळी झाल्या. तिसऱ्या वेळी ‘अस्मत्प्रपितामहं’ म्हणून आप्पा थांबले. फोनवर गुरुजी थांबले. बोटांतून पाणी गळत होतं. पाणी संपलं, हाताला चिकटलेले चार तीळ राहिले, तरी आप्पा तसेच उभे होते. शेवटी नितीननं त्यांना धरून आत नेलं. थंडी सुरू होता होता आप्पा गेले.

पुढच्या सर्वपित्रीला नितीननं मला वर बोलावलं. तीच गॅलरी, तेच ताम्हण. आप्पांचं नाव, त्यांच्या वडिलांचं, जेम्सचं. फोनवर गुरुजी समाधानानं म्हणाले, “उत्तम! सगळी नावं आहेत. यंदा कुठे अडलं नाही.”

मला रडू आवरेना. नितीनला वाटलं, आप्पांची आठवण आली.