अदियू की ओ रव्हार

जिंतूरच्या वाचनालयात ते रोज माझ्यासमोर बसत. इंग्रजीचे निवृत्त शिक्षक. इंग्रजी वर्तमानपत्राने निवृत्त होणाऱ्या एखाद्या अधिकाऱ्याला ‘अदियू’ म्हटलेले दिसले की ते लाल पेनने तो शब्द खोडत. “मूळचा फ्रेंच शब्द हाय. पुन्हा भेट व्हायची नसंल तेव्हाचा. हा माणूस तर उद्या चौकात दिसंल,” असे म्हणून ते समासात ‘ओ रव्हार’ लिहीत, म्हणजे पुन्हा भेटेपर्यंत. ग्रंथपालांनी अनेकदा हटकले, पण त्यांनी ऐकले नाही.

गेल्या वर्षी मी हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी संभाजीनगरला निघालो. ते बसस्थानकावर निरोप द्यायला आले.

“एकटेच चाललाव?”

“हो. घरी दुसरे आहे कोण? डॉक्टरांनी खात्री दिलेली नाही. तेव्हा सर, दोहोंपैकी कोणता शब्द, ते तुम्हीच सांगा.”

समोरच्याला बरे वाटावे म्हणून काही बोलणे त्यांना कधी जमले नव्हते.

मी आत जाऊन बसलो. वाहकाने घंटी दिली, तसे ते अंगावरच्या कपड्यांनिशी बसमध्ये चढले.

“खिडकीकडं सरका जरा,” एवढेच म्हणाले.