थोरलीचा शेवटचा पडदा

नोकरीची सगळी वर्षं मी मुंबईत विमानांच्या हँगरमध्ये काढली, पण सोलापूरला निघाले ती रेल्वेने, आणि तेही एका पडद्यासाठी. आमच्या शिवण खात्यात विमानांच्या खुर्च्यांचे अभ्रे आणि पडदे शिवले जात. त्या विमानांतलं चार इंजिनांचं एक जेट सगळ्यांत आधी आलेलं, म्हणून आम्ही त्याला ‘थोरली’ म्हणायचो. आता थोरली एका परदेशी कंपनीला विकली होती. ती हवाली करायच्या आठवड्यात पाहिलं, तर पुढच्या दालनाचा तांबडा पडदा फाटलेला.

“कुठलाही तांबडा लावा हो, कोण बघतंय?” साहेब म्हणाले.

मला रागच आला. लेक सासरी निघाली की तिच्या लुगड्याला कुणी ठिगळ लावतं का? पडद्यांचं कापड पहिल्यापासून सोलापूरच्या एकाच मागावरून पार्सलने येई. मी पत्ता घेतला, रजा टाकली आणि निघाले.

मोहोळ मागे पडलं तेव्हा उजाडलं होतं. काळी रानं, कापून आडवी केलेली ज्वारी, मधूनच एखादं बाभळीचं झाड. मला एरवी डोंगर हवे असतात, पण त्या सकाळी हे सपाट रानही आवडलं.

स्टेशनवर टांगा केला. सात रस्ता चौकापर्यंत ठीक चाललं होतं. मग टांगा भलत्याच बोळात शिरला आणि एका दुकानापुढे थांबला.

“मी विणकरांकडे म्हटलं होतं,” मी म्हणाले.

“मुंबईके लोगां चद्दरच लेने आते ना, बाई? ये हमारे दोस्त की दुकान है.”

मी तावातावाने उतरले आणि भिडस्तपणे एक चादर घेऊन परत टांग्यात बसले. निळी, पांढऱ्या काठाची. मला तिची काही गरज नव्हती.

पडद्यांचं कापड विणणाऱ्या नरसय्यांचं घर पूर्व भागात, मागांच्या खडखडाटात. ते साठीच्या पुढचे, किडकिडीत. त्यांची बायको लक्ष्मम्मा सुताच्या कांड्या भरत होती. मुलगा अंबादास दारात उभा राहून मोजपट्टीने खोली मोजत होता. मी कोण ते सांगितल्यावर नरसय्या मागाच्या खड्ड्यातून लगबगीने वर आले.

“विमानाच्या बाई? या की! ह्येच तुमचं मग्गम (माग).”

मागावर मागच्या खेपेचा तांबडा ताणा, म्हणजे उभे धागे, अजून चढवलेला होता. पडदा निघेल एवढा उरला होता. मला हायसं वाटलं.

ते विणायला बसले. धोटा इकडून तिकडे पळत होता आणि म्हातारा विचारत होता.

“पैला पडदा नेला तवा कुटं जायची ओ ती?”

“लंडनला. वाटेत बेरूत.”

“आन् दुसरा?”

“तोवर मोठी विमानं आली. मग हिला नैरोबीला धाडलं. एकदा समुद्रावर एक इंजिन बंद पडलं, तरी उरलेल्या तिघांवर सगळ्यांना सुखरूप आणलं तिनं.”

“लई गुणाची. आन् तिसरा?”

“तिसरा लावला तेव्हा आखातात जायची. कामाला जाणारी माणसं घेऊन.”

“म्हंजे आमच्यासारकंच की. पैलं लांब लांब, मग जवळ जवळ,” असं म्हणून ते हसले. थोरली त्यांनी कधी पाहिली नव्हती.

“तिनंडी (जेवा),” लक्ष्मम्मांनी हाक मारली. कडक भाकरी, शेंगाची चटणी, वर तेलाची धार. मी घामाघूम झाले आणि तरीही पुन्हा चटणी मागून घेतली. वाढता वाढता त्या हळूच म्हणाल्या, “आता ह्ये मग्गम मोडणार, बाई.”

“का?”

“पॉवरलूमला जागा पायजे, पोराचं बी चूक न्हाय. पर आमच्यात दारम (धागा) असलेलं मग्गम मोडत न्हाईत. नव्या ताण्याचं दारम जुन्याच्या टोकाला बांधायचं, तसंच चालत आलंय. वीतभर तरी टोक रायला पायजे. तुमच्या पडद्यात ती वीत बी जाणार.”

भाकरी माझ्या हातातच राहिली. उठून मागापाशी गेले. नरसय्या खाली मान घालून विणत होते, त्यांना सगळं माहीत होतं. मागे थोडाच ताणा शिल्लक होता.

“थांबा, मामा.”

“वीतभर कमी पडतंय अजून.”

“पडू दे. इथंच कापा.”

“विमान उघडं जाईल की!”

“नाही जाणार. खाली काठ लावते मी.” पिशवीतली चादर काढून मी तिचा पांढरा काठ त्यांना दाखवला.

त्यांनी काठ बोटांत धरून पाहिला. मग त्यांनी कात्री घेतली आणि टोक सोडून पडदा कापला.  अंबादासने मोजपट्टी गुंडाळून खिशात टाकली.

परतीच्या गाडीत मी स्वतःवरच हसत होते. ठिगळ लावायचं नाही म्हणून एवढ्या लांब आले आणि ठिगळ घेऊनच चालले होते. हँगरमध्ये काठ शिवला. पडदे तपासणाऱ्या परदेशी माणसाने त्यावरून हात फिरवला आणि नक्षी छान आहे म्हणाला. थोरली गेली त्या सकाळी मी धावपट्टीच्या कुंपणापाशी उभी राहून रडले, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

दिवाळीच्या सुमारास सोलापूरहून पार्सल आलं. आत टॉवेल होता. एका टोकाला वीतभर तांबडा आणि तिथून पुढे सगळा पांढरा. दोन रंग भेटतात तिथे बोट फिरवलं की बारीक गाठींची ओळ लागते. थोरली आता कुठे असते कोण जाणे. सोलापुरातला माग मात्र चालू आहे.